याची पालकांनी नोंद घ्यावी

मूल पाचवीतून सहावीत गेलं की सरकार त्याच्याकडे जरा गंभीरपणे बघायला लागतं. शालेय पोषण आहारातला त्याचा तांदूळ १०० ग्रॅमवरून १५० ग्रॅम होतो. शिक्षणहक्क कायद्याने पाचवीपर्यंत वर्षाचे कामाचे दिवस किमान २०० ठरवलेत, ते सहावीपासून २२० होतात. शिकवण्याचे तास ८०० होते, ते १००० होतात. शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, ही अटही सैल होऊन तीन किलोमीटरवर जाते. थोडक्यात, हे मूल आता जास्त जेवेल, जास्त वेळ बसेल आणि जास्त चालेल, असा शासनाचा अंदाज आहे. पाचवीपर्यंत ‘परिसर अभ्यास’ या एका नावाखाली गुण्यागोविंदाने नांदणारं एकत्र कुटुंब सहावीत विभक्त होतं; विज्ञान वेगळं, भूगोल वेगळा, इतिहास आणि नागरिकशास्त्र मात्र अजून एका चुलीवर.

या सगळ्या हिशोबात एक रकाना राहून गेलाय, तो पालकांचा. मूल सहावीत गेल्यावर पालकाचं प्रमाण किती ठेवावं, हे कुठल्याही शासन निर्णयात सापडत नाही. मुलाचा तांदूळ दीडपट होतो, तेव्हा आईच्या प्रश्नांचं काय व्हावं? ‘डबा खाल्लास का, सगळा खाल्लास का, मग कुणी खाल्ला’ या तीन प्रश्नांतला कोणता पाचवीनंतर रद्द समजावा? बाबांनी दप्तर किती वेळा उघडून बघावं, आणि बघितल्यावर किती वेळा ‘हे काय आहे’ म्हणावं? मुलाचं सगळं वाढत जातं तेव्हा पालकाचं काहीतरी कमी व्हायला हवं, एवढं शाळांना अनुभवाने कळलेलं आहे. म्हणून दर जूनमध्ये त्या डायरी छापतात.

डायरीत विद्यार्थ्यांसाठीचे नियम थोडे आणि आटोपशीर असतात. वेळेवर यावं, नखं कापलेली असावीत, मोबाईल आणू नये, बाकांवर कोरू नये. मग ‘पालकांसाठी सूचना’ सुरू होतात आणि त्या संपता संपत नाहीत. मला त्या वाचायला फार आवडतात. कारण नियम उगाच होत नाहीत. प्रत्येक नियमामागे कधी काळी एक पालक उभा असतो. ‘वाढदिवसानिमित्त वर्गात केक आणू नये’ हे वाचलं की कळतं, कुणीतरी दोन मजली केक घेऊन जिना चढलं होतं. त्याखाली ‘चॉकलेट द्यायचे असल्यास सर्वांना सारखेच द्यावे’ आहे, तेव्हा केक बंद झाल्यावर काय झालं असेल तेही कळतं. ‘शिक्षकांना रात्री नऊनंतर फोन करू नये.’ ‘परीक्षेच्या दिवशी पालकांनी पेपर सुटेपर्यंत आवारात बसून राहू नये.’ आणि माझी सगळ्यात आवडती: ‘तासिका सुरू असताना वर्गाच्या खिडकीतून पाल्याशी बोलू नये.’ ही ओळ लिहिताना मुख्याध्यापिकाबाईंच्या डोळ्यांसमोर एक विशिष्ट खिडकी आणि एक विशिष्ट चेहरा असणार, याबद्दल मला शंका नाही. त्या खिडकीतून ‘स्वेटर घाल रे’ एवढंच सांगितलं गेलं असेल, याबद्दलही नाही.

या सगळ्या सूचनांचा परमोच्च बिंदू म्हणजे ‘घरी विसरलेली कोणतीही वस्तू शाळेत स्वीकारली जाणार नाही.’ तिचा प्रयोग बघायचा असेल तर शाळा भरल्यावर थोडा वेळ फाटकापाशी थांबावं. आमच्या ठाण्यातल्या शाळेच्या फाटकाला मोठ्या दाराच्या पोटात एक छोटं दार आहे, आणि त्या छोट्या दारात स्टुलावर शिपाईमामा. एक बाबा स्कूटर तिरपी लावून धावत येतात. हेल्मेट डोक्यावरच, हातात कंपासपेटी. ती उघडू नये म्हणून तिला दोन रबरबँड लावलेले.

“मामा, एवढं सहावी ब मध्ये द्या ना.”

“घेत नाही साहेब. बोर्ड वाचा.”

“अहो, आज भूमिती आहे. शिक्षा होईल त्याला.”

“शिक्षा नाय करत आता. बाई शेजारच्याची घ्यायला सांगतात.”

“आणि शेजारच्याकडे नसली तर?”

“मग त्याच्या शेजारच्याची.”

बाबांना यावर काही सुचलं नाही. ते कंपासपेटीकडे बघत राहिले, मग हेल्मेटची काच खाली करून निघून गेले. मामांचं शिक्षणशास्त्र पक्कं होतं. मारण्याला आणि मानसिक त्रास देण्याला शिक्षणहक्क कायद्याने बंदी घातली आणि तो कायदा २०१० पासून लागू आहे. तेव्हा कंपास विसरलेल्या मुलावर आज जे कोसळतं ते एवढंच की त्याला शेजाऱ्याशी गोड बोलावं लागतं. कर्कटक मागावं लागतं. ते देणारा ‘आधी मी वर्तुळ काढतो, मग घे’ म्हणतो, तोवर थांबावं लागतं. मधल्या सुट्टीत चिक्कीचा अर्धा तुकडा त्याला द्यावा लागतो. उसनवार, परतफेड, आभार आणि थोडासा कमीपणा, एवढं सगळं एका तासात शिकून होतं आणि भूमितीही थोडीफार होते. ती रबरबँड लावलेली पेटी वर्गात पोचली असती, तर फक्त भूमिती झाली असती.

सहावीतल्या मुलाला विसरण्याचा हक्क असावा, असं माझं मत होत चाललंय. पहिलीतलं मूल विसरलं तर ती आईची चूक असते, दहावीतलं विसरलं तर ती बोर्डाची भानगड होते. मधल्या या दोन-तीन वर्षांतच विसरणं स्वस्त असतं. ही स्वस्ताई आपण मुलांना भोगू देत नाही.

दप्तराचंच बघा. २०१५ साली राज्य शासनाने ठरवून दिलं की दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त असू नये. सहावीतलं मूल ३२ किलोचं धरलं तर दप्तराच्या वाट्याला ३ किलो २०० ग्रॅम येतात. त्यातला एक किलो पाण्याच्या बाटलीने खाल्ला, अर्धा किलो डब्याने. उरलं ते दप्तराच्या स्वतःच्या कापडासकट इतिहास, भूगोल, विज्ञान, गणित आणि तीन भाषांनी आपापसात वाटून घ्यायचं. माझ्या सासूबाईंनी हा हिशोब ऐकून घेतला आणि उपाय सांगितला की पोराला तूपभात घाला, टक्केवारी आपोआप बसेल. शासनाने दुसरा उपाय केला. २०२३-२४ मध्ये पाठ्यपुस्तकांचे चार भाग केले आणि प्रत्येक पाठामागे नोंदी करायला कोरी पानं जोडली. एका वेळी एकच भाग न्यावा, वहीची गरज पडू नये, असा हेतू. हेतू चांगला होता, पण त्याची गाठ आमच्याशी होती. चारही भागांना आम्ही एकाच रविवारी तपकिरी कव्हरं घातली आणि ‘असू दे, लागला तर’ म्हणून दुसराही भाग दप्तरात सरकवला. वह्या बाई मागायच्याच. कोऱ्या पानांवर बहुतेक मुलांनी क्रिकेटचे धावफलक लिहिले. २०२५-२६ पासून ती पानं पुस्तकातून परत गेली.

‘असू दे, लागलं तर’ हे दप्तरातलं सगळ्यात जड पुस्तक आहे. त्यात जादा रुमाल, जादा पेन, पावसाळ्यानंतरचा रेनकोट, ‘शेजारच्याला नसला तर’ म्हणून दुसरा डबा आणि उद्याच्या वेळापत्रकातली एक वही असते. हे मूल भरत नाही. मुलाला दप्तर भरायला सांगितलं तर ते अर्ध्या मिनिटात भरतं आणि फार हलकं भरतं.

मग येतो प्रकल्प. ‘प्रकल्प विद्यार्थ्याने स्वतः करावा, पालकांनी फक्त मार्गदर्शन करावे.’ मार्गदर्शन म्हणजे काय याची व्याख्या डायरीत नाही, आणि त्या पोकळीत रात्री बारापर्यंत फेव्हिकॉल वाळत असतो. शाळेच्या फाटकाच्या समोर जे स्टेशनरीचं दुकान असतं, त्याच्या मालकाला पालकांइतकाच अभ्यासक्रम पाठ असतो. गल्ल्यावरून न उठता तो विचारतो, “सहावी? भूगोल? अक्षवृत्तं-रेखावृत्तं आलेत. प्लॅस्टिकचा चेंडू घ्या, लोकर घ्या. विषुववृत्ताला लाल न्या, बाकीला निळी.” त्याच्याकडे समाजसुधारकांचे तक्ते, जलचक्राच्या प्रिंट, राज्यातल्या किल्ल्यांची चित्रं असं सगळं सुटं मिळतं. ‘टाकाऊपासून टिकाऊ’साठी लागणाऱ्या बाटल्याही तो नव्या कोऱ्या विकतो. घरातली बाटली रिकामी नसते आणि उद्या शेवटची तारीख असते, तेव्हा इलाज नसतो.

प्रदर्शनाच्या दिवशी टेबलावर मांडलेल्या पृथ्व्या बघत फिरावं. बहुतेकींवर लोकर अगदी समांतर ताणलेली, गाठी मागच्या बाजूला लपवलेल्या, नावांच्या चिठ्ठ्या संगणकावर छापलेल्या. एका कोपऱ्यात एक पृथ्वी अशी असते की तिचं कर्कवृत्त उतरत उतरत विषुववृत्ताला येऊन मिळालंय आणि उत्तर ध्रुवावर डिंकाचा गोळा साचलाय. बाई तिथे जरा जास्त वेळ थांबतात. “ही कुणाची?” विचारतात, आणि ज्याची असते तो चटकन पुढे होतो. बाकीच्या पृथ्व्यांचे मालक “कर्कवृत्त कुठलं रे यातलं?” असं विचारलं की आधी दाराकडे बघतात. दारात आई असते.

एका बाबतीत मात्र काळाने पालकांना सक्तीने मागे ढकललंय. आमच्याकडे गणित आणि विज्ञान सेमी-इंग्रजी आहे. आमची पिढी लसावि-मसाविवर वाढली. चिरंजीव एलसीएम आणि एचसीएफ काढतात. वाक्याचा अर्थ लागेपर्यंत त्यांचं उदाहरण सुटलेलं असतं. मुलगा दयाळूपणे म्हणतो, “राहू दे आई, मी उद्या बाईंना विचारतो.” हे वाक्य तो मराठीच्या निबंधाच्या वेळी कधीच म्हणत नाही, कारण तिथे मी त्याच्या आधी पोचलेली असते. जे आपल्याला येत नाही, ते मूल आपलं आपण शिकतं. पालकांना यायला नको असे आणखी दोन-तीन विषय ठेवले तर बरं होईल.

डायरीच्या जोडीला आता फोनवरचा ग्रुप आला आहे. ‘सहावी ब पालक’ हा अधिकृत, आणि अधिकृत ग्रुपविषयी बोलायला दुसरा. रात्री सव्वादहाला प्रश्न येतो: उद्या चित्रकलेला काय आणायचंय? उत्तर येतं: डायरीत लिहून दिलंय. लगेच प्रश्न: डायरीत काय लिहून दिलंय? त्यावर पाच जणी एकाच पानाचे पाच फोटो टाकतात, त्यातले दोन आडवे. कुणीतरी ‘धन्यवाद’ म्हणतं, कुणीतरी हात जोडतं, कुणाचे तरी बाबा चुकून त्यांच्या ऑफिसचा तक्ता टाकतात आणि काढून घेतात. ‘जलरंग की पोस्टर कलर?’ यावर पावणेअकरापर्यंत मतभेद राहतात. ज्यांच्यासाठी हा खल चाललेला असतो, ते सगळे झोपलेले असतात. फळ्यावरचं उतरवून घेणं ही त्यांची एकमेव कारकुनी होती. ती आपण त्यांच्या हातून काढून घेऊन ग्रुपला दिली. यंदाच्या डायरीत नवी सूचना आहे: ‘गृहपाठ ग्रुपवर विचारू नये. लिहून घ्यायचा राहिल्यास पाल्याने दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिकेस स्वतः सांगावे.’ ही सूचना आधी ग्रुपवर फोटो काढून टाकण्यात आली. त्याखाली सत्तावीस अंगठे पडले आणि एक प्रश्न: म्हणजे उद्या आणायचंय की नाही?

माझी थोरली बहीण बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिली ते सातवीची शाळा. दिवाळीत ती आली तेव्हा मी तिला करमणूक म्हणून आमची डायरी वाचून दाखवली. ‘पालकांनी पूर्वपरवानगीशिवाय आवारात येऊ नये’ या ओळीला ती हसत सुटली.

“अगं, आमच्याकडे पालकांनी आवारात यावं म्हणून मी पारावर जाऊन बसते.”

“येत नाहीत?”

“कायदा म्हणतो यायलाच पाहिजे. समितीत पाऊण पालक हवेत, आणि समितीत निम्म्या बायका. सभेची तारीख ठरवताना मला पंचांगापेक्षा सोयाबीन बघावं लागतं.”

शाळा व्यवस्थापन समितीचा हा नियम शिक्षणहक्क कायद्यातलाच. पंचाहत्तर टक्के सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला. कागदावर शाळा पालकांच्या हातात आहे. पण दसरा झाला की ताईच्या गावात ट्रक यायला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला घरं कुलूप लावून पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. अकरा-बारा वर्षांची मुलगी त्या हिशोबात कुठेच नसते. पण कोपीवरचा स्वयंपाक, पाणी आणि धाकटं भावंड तिच्याच अंगावर येतं. मुलांना गावात ठेवून जाता यावं म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय आहे. नाव वसतिगृह, पण मुलं बहुतेक आजीकडेच राहतात, जेवणाची व्यवस्था समितीने बघायची. त्यासाठी आईबापांनी मुलीला सोडून जायला हवं. ताई तेवढंच सांगायला पारावर बसते. आई म्हणते, “मॅडम, बारक्याला कोण बघंल?” ताईकडे याचं छापील उत्तर नाही. ती म्हणते, “आजी बघील, मी बघीन, पण हिला ठेवून जा.” कधी ठेवून जातात. कधी ट्रकमध्ये सगळ्यात वर, गाठोड्यांवर बसलेली मुलगी ताईला हात करते.

हे सांगून झाल्यावर ताईने डायरी पुन्हा हातात घेतली आणि कंपासपेटीच्या सूचनेवर बोट ठेवलं. “तुमच्याकडे सहावीच्या पोराला स्वतःची पेटी सांभाळता येत नाही, आमच्याकडे सहावीच्या पोरीला भाऊ सांभाळता येतो. पोरं तीच गं. अकरा वर्षांचीच.”

माझ्या डायरीतल्या पानभर सूचना आणि तिची पारावरची एक सूचना, दोन्हींत मागणी एकच आहे, हे मला तेव्हा उमगलं. मुलाला त्याच्या वयाएवढं राहू द्या. आम्ही त्याला पहिलीत ठेवतो, तिकडची गरज तिला बाईमाणूस करते. माप दोन्हीकडे चुकतं. फरक एवढाच की आमचं माप लाडाने चुकतं आणि डायरीच्या ओळीने दुरुस्त होतं. तिकडचं पोटासाठी चुकतं, आणि त्याला ओळ पुरत नाही.

१५० ग्रॅमचा तो आकडा मला ताईकडूनच कळला. पाचवीपर्यंतची मुलं किती, सहावी-सातवीची किती, कुणाचा तांदूळ किती, हे तिला रोज लिहावं लागतं. “हिशोब वेगळा,” ती म्हणाली, “पातेलं एकच. आणि दुसरीतला एक आहे, तो सातवीतल्या दोघांचं खातो.”

आमच्याकडच्या पालकसभेचं रूप अर्थातच निराळं. पालक आपापल्या पाल्याच्या बाकावर गुडघे दुमडून बसतात. बाकावर कर्कटकाने काय काय कोरलंय ते वाचतात आणि त्यावर पर्स ठेवतात. बाई आधीच सांगतात, “वैयक्तिक प्रश्न शेवटी विचारा.” वैयक्तिक नसलेला प्रश्न कुणाकडेच नसतो, त्यामुळे शेवट लगेच येतो. मधे पालक-शिक्षक संघाची कार्यकारिणी निवडायची असते. राज्याच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार ती इच्छुक पालकांमधून चिठ्ठ्या टाकून निवडतात. इच्छुक असा शब्द उच्चारला की वर्गात जी शांतता पसरते, ती एरवी बाईंना वर्षभर मिळत नाही. मग प्रगतिपुस्तकं वाटली जातात.

प्रगतिपुस्तकात २०१० पासून गुणांच्या जागी श्रेणी आल्या. मुलामुलांत तुलना होऊ नये, हा त्यामागचा विचार. ९१ ते १०० गुणांना अ-१. एका आईने बाईंना हळूच विचारलं, “अ-१ आहे ते दिसलं हो, पण अ-१ मध्ये कितवा?” बाई हसल्या आणि म्हणाल्या, “सगळे अ-१ एका बाकावर बसतात.” आईचं समाधान झालं नाही, त्या बाकावर खिडकीकडे कोण, हे तिला हवं होतं. त्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली आहे. नापास झालं तर पुन्हा एक संधी, तीही हुकली तर त्याच वर्गात. मधल्या सहावी-सातवीला ती धास्ती नाही. म्हणजे विसरण्यासारखंच चुकणंही या दोन वर्षांतच स्वस्त. पण पालक ही दोन वर्षं आठवीची तयारी समजतात.

श्रेणींच्या खाली तीन रकाने असतात: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. तिथे ‘मित्रांना मदत करतो’, ‘गोष्टी सांगायला आवडतात’, ‘हस्ताक्षरात सुधारणा आवश्यक’ अशी वाक्यं येतात. चाळीस-पन्नास मुलांविषयी वर्षातून दोनदा नवीन वाक्यं सुचणं कठीणच. ताईला म्हटलं, “तिसरा रकाना सगळ्यांचा सारखाच असतो ना?” ती म्हणाली, “तो मुलांसाठी नसतोच. ‘गृहपाठ स्वतः करावा’ असं मी लिहिते ते काय पोरासाठी? त्याला माहितेय कोण करतं ते. सही करणाऱ्याने वाचावं म्हणून लिहिते.” तेव्हापासून मी आमच्या प्रगतिपुस्तकातलं ‘स्वतः निर्णय घ्यावेत’ हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचते आहे.

आमच्या लहानपणी असलं काही नव्हतं, असं म्हणायचा मोह होतो. तेव्हाचे पालक शाळेत दोनदा यायचे, नाव घालायला आणि निकालाला. ‘कातडं तुमचं, हाडं आमची’ असं मास्तरांना सांगून मोकळे व्हायचे. शिपाईमामांना त्यांना अडवावं लागायचं नाही. पण ते बाहेर राहिले ते मुलाला वाढू द्यावं या विचाराने नव्हे. घरात चार पोरं, कामाचा धबडगा, त्यातून शाळा कुठल्या दिशेला आहे हेही काहींना नीट ठाऊक नसायचं. आणि शाळेतला मार घरी कळला तर घरी दुसरा मिळायचा. त्या अंतराचं कौतुक त्यातून धडधाकट निघालेले करतात. आजचा हेल्मेटवाला बाप निदान त्या अंतरापासून पळून आलाय. त्याला आता फक्त थोडं मागे सरकायचंय, फाटकाइतकं. फाटकापाशीही मुलगा सुटल्यावर दिसतोच.

शाळा वर्षानुवर्षं छापून जे करू शकत नाही, ते शेवटी मुलंच करतात. सातवीच्या सुमाराला ती स्वतःची सूचनापत्रिका काढतात. ही छापत नाहीत, तोंडी जाहीर होते आणि ताबडतोब लागू होते. सोडायला यायचं तर कोपऱ्यापर्यंत, फाटकापर्यंत नाही. मित्रांसमोर घरातलं नाव घ्यायचं नाही. सहलीच्या बसला हात करायचा नाही. केलाच तर एकदाच, आणि आधी कुणी दुसऱ्या आईने केला असेल तरच. ग्रुपवर माझा फोटो टाकायचा नाही. डबा मी भरणार (हा नियम दोन दिवस टिकतो). पालकसभेला बाबांना पाठव, ते कमी बोलतात. या पत्रिकेला आक्षेप घ्यायची सोय नाही आणि तिच्यावर सहीही कुणी मागत नाही. ज्या खिडकीतून ‘स्वेटर घाल रे’ म्हटलेलं चालायचं, त्या खिडकीला आता आतून कडी.

गंमत अशी की नेमकी इथून शाळेची भाषाही पालटते. पाचवीच्या डायरीत ‘आवारात येऊ नये’ असतं. नववीच्या सूचनापत्रावर ठळक अक्षरात येतं, ‘पालकांची उपस्थिती अनिवार्य.’ बोर्ड जवळ आलेलं असतं, शाळेला आता पालक हवे असतात, आणि नेमके तेव्हाच ते येईनासे झालेले असतात. आमच्या शेजारणीचा मुलगा नववीत आहे. परवा ती ते सूचनापत्र घेऊन आमच्याकडे आली.

“शाळा म्हणते याच. हा म्हणतो, येऊ नकोस. कुणाचं ऐकू?”

“शाळेचं,” मी म्हटलं. “पण मागच्या बाकावर बस, आणि अ-१ मध्ये कितवा ते विचारू नकोस.”

ती थोडी खट्टू झाली. म्हणाली, “मग जाऊन करू काय?”